कोयता नको, कुदळ घ्या

पावसाळा आला की तुमच्या ग्रुपवर वृक्षारोपणाचे मेसेज सुरू होतात. टेकडी ठरते, बॅनर छापला जातो, फोटो निघतात. पण त्याच टेकडीच्या उतारावर पिवळ्या-गुलाबी फुलांची काटेरी झुडपं माजलेली असतात, त्यांच्याकडे कुणी बघतं का? ती घाणेरी, म्हणजे टणटणी. तिची काळी फळं लहानपणी तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ली असतील! ही बया मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांच्या काळात बागेची शोभा म्हणून इथे आणली गेली आणि कुंपण ओलांडून डोंगरावर चढली.

बुलबुल, साळुंक्या फळं खातात आणि बिया लांबवर टाकतात. झुडपाखाली सावली इतकी दाट, की गवत उगवत नाही, झाडांची रोपं तग धरत नाहीत. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. भुकेपोटी पाला खाल्लाच तर यकृत बिघडून कावीळ होते. म्हणजे डोंगरावर ती पसरली, की खालच्या वाडीचा चारा गेला. आपल्याला हे कळत नाही, कारण आपण रविवारी जातो आणि संध्याकाळी घरी येतो.

बरं, उत्साहाच्या भरात कोयते चालवले तर? ती बुडातून पुन्हा फुटते, आधीपेक्षा दाट. जाळली तरी तेच. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत वेगळी आहे. मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडायचं आणि अख्खं झुडूप उपटून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. हे फळं धरण्याआधी करायचं. त्यानंतर पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली उगवलेली रोपं पुढची काही वर्षं उपटत राहायचं. फोटोत न येणारं काम हेच आहे, आणि एनएसएसच्या एका दिवसाच्या शिबिरात ते मावत नाही.

सगळा उतार एका दमात उघडा करू नका. पहिल्याच पावसात माती वाहून जाईल, शिवाय सशांचा, पाखरांचा आडोसाही जाईल. पट्ट्यापट्ट्याने काढा, मोकळ्या जागी स्थानिक गवत येऊ द्या. काड्यांचं काय करायचं, हे कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरातल्या सोलिगा कारागिरांना विचारा. ते त्यांपासून खुर्च्या आणि चक्क हत्ती बनवतात.

यंदा कॉलेजजवळची एकच टेकडी घ्या. आधी वनरक्षकाची परवानगी काढा, जाड हातमोजे घ्या आणि पुढच्या बॅचमधली दोन-चार पोरं आत्ताच सोबत न्या.