मार्कशीट हातात आहे, पण अर्जात लिहायचं काय? बाहेरच्या विद्यापीठांच्या दारात गावाकडची पोरं इथंच अडतात

२०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले. त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले, म्हणजे लातूर, नांदेड आणि आपला धाराशिव जिल्हा मिळून. निकालाच्या दिवशी व्हॉट्सअॅपवर अभिनंदनाचे बॅनर फिरले, चौकाचौकात फ्लेक्स लागले. मार्क पाडण्यात हा भाग मागं नाही, हे आता कुणाला पटवून द्यायची गरज उरलेली नाही.

अडचण पुढं सुरू होते. हीच पोरं दोन-तीन वर्षांनी राज्याबाहेरच्या नाहीतर देशाबाहेरच्या विद्यापीठाचा अर्ज भरायला बसतात. मार्कांचे रकाने भराभर भरून होतात आणि खाली एक मोकळी चौकट येते. तुम्ही आतापर्यंत काय केलं, हाच अभ्यासक्रम का हवा, ते तुमच्या शब्दांत लिहा. तिथं हात थांबतो. मग कॅफेवाला मदतीला धावतो, "थांब, मागच्या पोराचं आहे माझ्याकडं, तेच टाकू."

यात पोरांचा दोष कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. आपल्याकडं प्रवेशाच्या वेळी असं कुणी विचारतच नाही. इंजिनिअरिंगची यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, डॉक्टरकीची नीटवर. बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते. केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून सीयूईटी आली, तिथंही पदवीचा प्रवेश मुख्यतः परीक्षेच्या गुणांवरच. २०२५ मध्ये अकरावीचा प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाला, तोही दहावीच्या मार्कांवर.

मार्कांपलीकडचं जे काही आपल्याकडं मोजलं जातं, तेही शेवटी मार्कांतच बदलून घेतात. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड आली की दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३. खेळाचं प्रमाणपत्र असेल तर क्रीडा गुण. कृषी पदवीला सातबारा जोडला तर जादा गुण. त्यामुळं घराघरात एक हिशेब पक्का बसलाय. जे केलं त्याचा कागद मिळाला पाहिजे, कागदाचे मार्क मिळाले पाहिजेत, आणि ज्याचा कागद नाही ते केलंच नाही असं समजायचं.

बाहेरची बरीच विद्यापीठं हा हिशेब मानत नाहीत. बेंगळुरू आणि भोपाळला असलेल्या अझीम प्रेमजी विद्यापीठात लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते. घरच्या उत्पन्नानुसार तिथं फीमध्ये सवलत मिळते, काहींना पूर्ण फी माफ होते. म्हणजे गरीब घरातल्या पोरांसाठी दार उघडं आहे, पण मुलाखतीत तोंड उघडावं लागतं.

इंग्लंडमध्ये पदवीचे अर्ज यूकास नावाच्या एकाच केंद्रातून जातात. पूर्वी तिथं एक सलग निवेदन लिहावं लागायचं. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत. हा विषय का शिकायचा आहे? आतापर्यंतच्या शिक्षणानं त्यासाठी तुमची तयारी कशी झाली? आणि शाळा-कॉलेजबाहेर त्यासाठी आणखी काय केलं? तिन्ही मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं.

अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी कॉमन अॅप हा सामाईक अर्ज चालतो. त्यात शाळेबाहेर केलेली १० कामं लिहायला जागा आहे, प्रत्येकाचं वर्णन १५० अक्षरांत. गावाकडच्या वाचकांनी इथं जरा थांबावं. त्या कामांच्या प्रकारांत खेळ आणि वादविवादाच्या रांगेतच "कौटुंबिक जबाबदारी" आणि "पगारी काम" हे दोन प्रकार दिलेले आहेत. आजारी आजीचं सगळं बघणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, सुट्टीत दुकानावर नाहीतर दुसऱ्याच्या रानात कामाला जाणं, हे त्या अर्जात रीतसर लिहिता येतं. आपल्याकडं हेच सांगायला पोरगी लाजते. पाहुण्यांनी विचारलं तर आई म्हणते, "काही नाही, घरीच असते."

"आपल्याला कुठं अमेरिकेला जायचंय" म्हणून हा विषय सोडून देणं परवडणारं नाही. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी आहे, पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी. इतर समाजघटकांसाठीही सरकारच्या अशा योजना आहेत. पण परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आधी आणावं लागतं, पैसे त्यानंतर. प्रवेशपत्र मिळायचं तर ती मोकळी चौकट नीट भरावी लागते. म्हणजे सरकारनं पैसा ठेवलाय, पोरगं हुशार आहे, आणि गाडी अडते ती दोन पानांच्या लिखाणापाशी.

ही अडचण पार करणारी माणसं गावांतूनच निघाली आहेत. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे शेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. त्यांची एकलव्य ही संस्था घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलांना असेच अर्ज भरायला शिकवते.

मग लिहायचं काय? बहुतेक अर्जांत एकच साचा दिसतो. "मी कष्टाळू आहे, मला लहानपणापासून शेतीची आवड आहे, मला देशाची सेवा करायची आहे." यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. हे वाक्य कुणीही लिहू शकतो, शेत न पाहिलेलासुद्धा.

त्याऐवजी समजा एखाद्या मुलानं असं लिहिलं: "आमचं सोयाबीन दोन एकर. नववीपासून मी बियाणं, खत, फवारणी, काढणी आणि मळणीचा खर्च वहीत लिहितो. तीन वर्षांच्या नोंदी जोडून पाहिल्या तर सगळ्यात जास्त पैसा काढणी-मळणीत जातो असं दिसलं. घरात सगळे खताच्या भावाला दोष देत होते. पिकाचा खर्च नेमका कुठं वाढतो, हे शिकायला मला अर्थशास्त्र घ्यायचं आहे." इथं प्रमाणपत्र एकही नाही. तरी काम काय केलं, किती दिवस केलं, त्यातून काय कळलं आणि विषयाशी त्याचा संबंध काय, हे सगळं पाच ओळींत आलं. परीक्षकाला बघायचं असतं ते हेच. त्याच्यापुढं नव्वद-पंच्याण्णव टक्केवाल्यांची रांगच लागलेली असते.

कागद बिनकामाचे आहेत असा याचा अर्थ नाही. उलट खरे कागद पोरं विसरून जातात. आठवीत एनएमएमएस परीक्षेतून निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांमधून, परीक्षा घेऊन ही निवड होते, त्यामुळं अर्जात तिला वजन आहे. पण पैसे बापाच्या नजरेखालच्या खात्यात जमा होतात आणि निवड झाल्याचं पोराच्या डोक्यातून जातं. इन्स्पायर मानकला निवडलेला प्रकल्प, बालविज्ञान परिषद, कॉलेजातली आविष्कार स्पर्धा यांचंही तसंच. अर्जात नुसतं नाव टाकून भागत नाही. बाहेरच्या माणसाला एनएमएमएस म्हणजे काय ते ठाऊक नसतं. निवड कशी होते ते एका ओळीत लिहावं लागतं.

दुसरीकडं खोट्या कागदांचा बाजार तेजीत आहे. घरबसल्या "आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र" देणाऱ्या जाहिराती मोबाइलवर रोज येतात. पैसे भरा, दहा प्रश्नांवर टिक करा, पीडीएफ घ्या. असल्या कागदाला विद्यापीठ विचारत नाही, ते पैसे पाण्यात. बनावट कागद तर गळ्यातच येतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं राज्यात गाजली, त्यात लागलेल्या नोकऱ्याही गेल्या.

कॅफेतून उतरवलेल्या निवेदनाचं काय होतं, त्याचा एक जुना किस्सा आहे. २००७ मध्ये यूकासनं अर्जांतली निवेदनं संगणकावर ताडून पाहिली. तेव्हा डॉक्टरकीसाठी अर्ज केलेल्या २३४ जणांनी एकच आठवण लिहिलेली निघाली. म्हणे आठव्या वर्षी रसायनांचा प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं आणि विज्ञानाची गोडी लागली. २३४ पायजमे! सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचललं होतं. तेव्हापासून तिथं प्रत्येक निवेदन जुळणी-तपासणीतून जातं. एआयकडून लिहून घेऊन स्वतःचं म्हणून पाठवलं, तर तीही फसवणूक धरली जाऊ शकते असं यूकासनं स्पष्ट केलं आहे. इंग्रजी दुरुस्त करून घ्यायला हरकत नाही. मजकूर स्वतःचा हवा. आधी मराठीत, घरी बोलतो तसं लिहून काढावं आणि मग इंग्रजी करावं, म्हणजे निदान गोष्ट तरी आपलीच राहते.

शेवटचा मुद्दा शिक्षकांचा. अशा अर्जांना बहुधा शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. आपल्याकडं ते मागितलं की हातात बोनाफाईड नाहीतर वर्तणुकीचा दाखला पडतो, "सदर विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे". त्याचा इथं उपयोग शून्य. शाळेत भौतिकशास्त्राला सहा महिने शिक्षक नव्हता, मुलगी रोज एसटीनं येऊन-जाऊन करायची, तरी तिनं वर्गातल्या चौघींना गणित शिकवलं, असं काही मार्कशीटवर छापून येत नाही. ते सरांनी, मॅडमनीच लिहायचं असतं. त्यामुळं पत्र मागायला जाताना आपण काय काय केलं त्याचं एक पान सोबत न्यावं आणि निदान महिनाभर आधी जावं. यूकासमध्ये २०२६ च्या प्रवेशासाठी ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयची मुदत १५ ऑक्टोबर २०२५ होती, बाकी बहुतेक अभ्यासक्रमांची १४ जानेवारी २०२६. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते आणि शिक्का मुख्याध्यापकांच्या कपाटात.