तिच्या पथ्याचं काय?



नवऱ्याला मधुमेह झाला की घर बदलतं. भात कमी होतो, चहातली साखर जाते, गोळ्यांच्या वेळा बायको सांभाळते. बायकोला मधुमेह झाला की काय बदलतं? वस्त्यांमध्ये काम करताना मी हे विचारते तेव्हा बहुतेक जणी नुसत्या हसतात. त्या अजूनही सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खातात.

यात त्यागाचं कौतुक करण्यासारखं काही नाही. काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपू शकते. अशा वेळी लगेच साखर किंवा गूळ खायला हवा. उपवासाला गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना विचारायचं असतं, आणि साबुदाण्याच्या खिचडीने साखर चढते, हे तिला कोणी सांगतच नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. साखर आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडांसारख्या अवयवांची हानी कमी होते, हे ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्येच दाखवलं. म्हणजे अंधत्व किंवा पाय कापावा लागणं हे नशिबाचे भोग नव्हेत.

अनवाणी राबणाऱ्या बाईच्या तळपायाची संवेदना गेली की काटा रुतलेलाही कळत नाही. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. जांघेतली खाज, लघवीची जळजळ लाजेपोटी लपवू नये. वाढलेल्या साखरेची ती खूण असू शकते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने करावी. डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि पाय वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावेत. गरोदरपणी साखर वाढली होती, त्यांनी बाळंतपणानंतरही तपासणी सोडू नये.

सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या सर्वांसाठी मधुमेहाच्या तपासणीची योजना आहे. गटाने मिळून जाऊ या, सोय नसेल तिथे जाब विचारू या. पण सरकारकडे मागायचं ते मागतानाच घरातही एक मागणी ठेवू या: तिची गोळी वेळेवर, आणि तिचं ताटही वेळेवर. वाढायला घरात इतरांनाही हात आहेत.