विनोदाला जामीन कोण राहणार?

इंदूर म्हटले की बाहेरगावचे पाहुणे दोनच गोष्टी काढतात, स्वच्छता आणि सराफा. (पोहे-जिलेबी सराफ्यातच धरून चाला.) पण गेल्या पाच वर्षांत आपले शहर दोनदा सर्वोच्च न्यायालयात गाजले ते वेगळ्याच कारणाने. दोन्ही प्रकरणांच्या मुळाशी व्यंग होते.

पहिले प्रकरण १ जानेवारी २०२१ चे. मुनव्वर फारुकी या विनोदकाराचा कार्यक्रम शहरातल्या एका कॅफेत होता. देवदेवतांची चेष्टा केल्याचा आरोप करत काही मंडळी आत शिरली, कार्यक्रम बंद पडला आणि तुकोगंज ठाण्यात गुन्हा दाखल होऊन त्याला व त्याच्या सोबतच्यांना अटक झाली. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. अटक करताना पाळायचे जे नियम २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात घालून दिले आहेत ते पाळलेले दिसत नाहीत, असा मुद्दा तिथे आला. तोवर महिना उलटून गेला होता.

दुसरे प्रकरण २०२५ चे. हेमंत मालवीय हे इंदूरचेच व्यंगचित्रकार. करोनाच्या लसीवरचे त्यांचे २०२१ चे एक चित्र नव्या मजकुरासह समाजमाध्यमावर फिरले आणि तक्रार झाली. जुलैच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, १५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अटकेपासून अंतरिम संरक्षण दिले. तिथल्या न्यायमूर्तींनी मालवीयांच्या भाषेबद्दल नाराजीही बोलून दाखवली, हे सांगायला हवे. भाषा वाईट असणे आणि माणसाला आत टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्या आदेशातून आम्ही समजलो.

आम्ही बँकेत चौतीस वर्षे काढली, त्यामुळे हिशेब त्याच भाषेत सुचतो. अशा खटल्यांत मुद्दल म्हणजे शिक्षा. ती होईल की नाही हे ठरायला वर्षे जातात, कधी ती होतच नाही. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते. अटक, वकिलाची फी, तारखा, रद्द झालेले कार्यक्रम, घरच्यांची झोप. मुद्दल शून्य ठरले तरी वसूल झालेले व्याज कोणी परत करत नाही. ज्याला विनोदकाराला धडा शिकवायचा असतो त्याला मुद्दलाची फिकीर नसते, त्याचे काम व्याजावरच भागते.

मुंबईत मार्च २०२५ मध्ये झाले ते तर आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलेच. कुणाल कामरा यांनी आपल्या कार्यक्रमात उपमुख्यमंत्र्यांवर नाव न घेता विडंबनगीत म्हटले. ध्वनिचित्रफीत बाहेर आली त्याच रात्री खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन त्याच जागेतले बांधकाम पाडायला पोचले. स्टुडिओने दारे बंद करत असल्याचे जाहीर केले. कामरा स्वतः तमिळनाडूत होते. २८ मार्चला मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम अटकपूर्व जामीन दिला, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही अटकेपासून संरक्षण दिले. म्हणजे बोलणाऱ्याला कायद्याने वाचवले, पण ज्याने नुसती जागा भाड्याने दिली त्याचे दुकान बसले. आम्हाला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. विनोदकार फार तर दुसऱ्या शहरात जाईल. हॉलचा मालक कुठे जाणार? पुढच्या वेळी तो आधीच हात जोडेल आणि बातमीसुद्धा होणार नाही.

यात एका पक्षाकडे बोट दाखवायचे असेल तर आमचा लेख त्या कामाचा नाही. एप्रिल २०१२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये अंबिकेश महापात्र या प्राध्यापकांना मुख्यमंत्र्यांवरचे एक व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. त्यांची त्यातून पूर्ण सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडले. तमिळनाडूत २०१७ मध्ये जी. बाला या व्यंगचित्रकाराला अटक झाली. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रात महाविकास आघाडीचे सरकार असताना शरद पवारांवरची एक उपहासात्मक कविता प्रसृत केल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिल्या. ती कविता आम्हाला मुळीच रुचली नव्हती, माणसाच्या आजारपणावर आणि शरीरावर बोलणे हलकेच. पण हलकेपणाला महिनाभर तुरुंग हा दर काही लावण्यासारखा नाही. एवढे मात्र दिसते की सत्तेत आल्यावर सर्वांची विनोदबुद्धी सारखीच रजेवर जाते.

गंमत अशी की आपल्या मराठी समाजाला व्यंग नवे नाही. नाथांच्या भारुडात भोंदू साधू आहे, पोटभरू जोशी आहे. तमाशाच्या वगात राजा आणि कोतवाल यांची टर उडवल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात राहून चिं. वि. जोशींनी चिमणराव उभा केला आणि मध्यमवर्गाला, म्हणजे आपल्यालाच, आरसा दाखवला. १३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब ठाकरे यांच्या ‘मार्मिक’चे प्रकाशन झाले ते मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. ज्या साप्ताहिकात पुढे राज्यकर्त्यांची रोजची हजेरी घेतली जाणार होती त्याचे उद्घाटन राज्यकर्त्यानेच करावे, हे आज कोणाला खरे वाटेल? आणि ज्या पक्षाचा जन्म त्या व्यंगचित्र साप्ताहिकातून झाला त्याचेच नाव सांगणारे कार्यकर्ते एका गाण्यासाठी स्टुडिओ फोडतात, यावर स्वतः व्यंगचित्रकार असलेल्या बाळासाहेबांनी कसे चित्र काढले असते, असा विचार मनात येतोच.

जुना काळ सोन्याचा होता असेही नाही. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवले. नाना फडणवीसांची आणि एका समाजाची बदनामी झाली असा ओरडा होता. पुढे कलाकारांनी वेगळी संस्था काढली, १९८० मध्ये नाटक युरोपात गेले, आणि आज तेच आपण मराठी रंगभूमीचे भूषण म्हणून सांगतो. त्या वेळी ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांच्या नातवंडांनी पुढे ते तिकीट काढून पाहिले असेल.

आपण माळव्यातले, म्हणून दोन हिंदी नावेही आपलीच. शरद जोशींचे सदर इथल्या ‘नई दुनिया’त येत असे आणि आपल्या आधीच्या पिढीतली अनेक मराठी घरे सकाळी आधी ते वाचत. जबलपूरच्या हरिशंकर परसाईंची ‘भोलाराम का जीव’ ही कथा तर प्रत्येक निवृत्त माणसाने वाचावी. पेन्शनसाठी खेटे घालून मेलेल्या भोलारामचा जीव स्वर्गात पोचतच नाही. शोधायला आलेल्या नारदाला कचेरीतला साहेब सांगतो की फायलीवर ‘वजन’ ठेवा, आणि नारदाची वीणाच वजन म्हणून ठेवून घेतो. जीव शेवटी सापडतो तो पेन्शनच्या फायलीत, आणि तिथून निघायला तो तयार नसतो. आम्ही पेन्शनच्या कागदांवर सह्या करायला लागलो तेव्हा ही कथा डोळ्यांपुढे असे. एखादा कागद तीन दिवस टेबलावर राहिला की भोलाराम आतून हाक मारील असे वाटायचे. सरकारी परिपत्रकाने जे झाले नसते ते त्या चार पानांनी केले. त्याच परसाईंना १९७३ मध्ये घरात शिरून मारहाण झाली होती. तरी ते लिहीत राहिले, १९८२ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला.

आता व्यंगाच्या नव्या अवताराकडे येऊ. खोटी बातमी खऱ्या बातमीच्या थाटात लिहायची, अशी व्यंग-बातम्यांची पत्रे आता जगभर आहेत. अमेरिकेतले ‘द ऑनियन’ १९८८ पासून चालू आहे, आपल्याकडे २००८ मध्ये ‘फेकिंग न्यूज’ सुरू झाले. यातला धोकाही खरा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘ऑनियन’ने उत्तर कोरियाचे किम जोंग उन हे जगातले सर्वांत देखणे पुरुष ठरल्याचे छापले, आणि चीनच्या ‘पीपल्स डेली’ने संकेतस्थळावर ती बातमी पंचावन्न छायाचित्रांसह खरी म्हणून दिली. मे २०२४ मध्ये तर गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने लोकांना रोज एक छोटा दगड खाण्याचा सल्ला दिला. तोही ‘ऑनियन’च्याच एका जुन्या लेखातून उचललेला. पुढे पाठवण्यापूर्वी वाचायचे असते, हे यंत्रालाही अजून शिकवायचे आहे.

बँकेच्या काउंटरवर आम्ही दोन प्रकारच्या नकली नोटा पाहिल्या. एक म्हणजे चोरांनी छापलेली. ती फसवण्यासाठीच असते, गव्हर्नरांच्या सहीपर्यंत नक्कल केलेली. दुसरी लहान मुलांची, ‘चिल्ड्रन बँक’ असे तोंडावरच छापलेली. ती कोणाला फसवत नाही. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीत एका एटीएममधून ‘चिल्ड्रन बँक’च्या दोन हजारांच्या नोटा बाहेर आल्या. खेळणे बनवणाऱ्याचा त्यात दोष काय? ज्याने ती यंत्रात भरली त्याचा दोष. व्यंग-बातमीचेही तसेच. मूळ जागी तिच्यावर नाव असते. कोणीतरी नाव कापून नुसते चित्र व्हॉट्सॲपवर टाकतो आणि खेळण्यातली नोट चलनात येते. उलट २०१६ च्या नोटबंदीत नव्या नोटेत उपग्रहाला दिसणारी चिप असल्याची बातमी काही वाहिन्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने दाखवली होती. ग्राहक आम्हाला ती चिप कुठे आहे ते दाखवायला सांगत. त्या बातमीत विनोदाचा लवलेशही नव्हता.

खोट्या बातम्या रोखण्यासाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. सरकारी कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे सरकारचेच सत्यशोधन पथक ठरवणार होते. कामरा यांनी याला आव्हान दिले, कारण व्यंगात अतिशयोक्ती असतेच आणि अतिशयोक्ती शब्दशः घेतली तर ती खोटीच ठरते. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. आम्हाला हा निकाल पटतो. ज्याचे खाते त्यानेच त्याचे ऑडिट करायचे नसते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

दुसरा निकाल सभासदांनी लक्षात ठेवण्यासारखा. २८ मार्च २०२५ ला, मद्रासमध्ये कामरांना दिलासा मिळाला त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा जामनगरचा गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम जोखताना समंजस, खंबीर मनाच्या माणसाचे माप लावावे, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याचे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करावी यावरही भर दिला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूद आहेच, चौदा दिवसांची. ती वापरली गेली तर निम्मे व्याज वाचेल.

आमचे म्हणणे सगळेच व्यंग चांगले असे नाही. आजच्या पुष्कळ कार्यक्रमांत शिवी हाच विनोद असतो आणि आमच्या पिढीच्या कानांना ते सोसत नाही. दुबळ्याची, जातीची, व्यंग असलेल्या माणसाची चेष्टा करून टाळ्या घेणारेही आहेत. त्यांना टाळ्या न देणे आपल्या हातात आहे, ते आपण करतो का हा वेगळा प्रश्न.

शेवटी आपल्या मंडळाकडे. यंदाच्या गणेशोत्सवातल्या प्रहसनात खोदलेल्या रस्त्यांवर आणि पुन्हापुन्हा होणाऱ्या भूमिपूजनांवर चार संवाद होते. प्रमुख पाहुणे लोकप्रतिनिधी आहेत, हॉल सवलतीत मिळतो, उगाच कशाला, असे म्हणून बैठकीत बहुमताने तीन वगळले गेले. कोणी धमकी दिली नव्हती, फोनही आला नव्हता. उरलेल्या चौथ्या संवादाला सर्वांत मोठा हशा आला, आणि पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे हसणाऱ्यांत पाहुणेही होते. रंगपंचमीच्या सुमारास बजरबट्टू संमेलनात याच शहरातले पुढारी सोंगे घेऊन मिरवतात, शेजारच्या उज्जैनला १ एप्रिलच्या टेपा संमेलनात मान्यवर स्वतःची फजिती करून घ्यायला हौसेने जातात. तेव्हा भीती पाहुण्यांना होती की आपल्याला?

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. संहिता वाचणाऱ्या समितीने दोनच गोष्टी पाहाव्यात: कोणाची जात, धर्म, शरीर किंवा आजार यांची चेष्टा आहे का, आणि खोटी माहिती खरी म्हणून सांगितली आहे का. बाकी लेखकावर सोडावे. आक्षेप आलाच तर उत्तर कार्यकारिणीने द्यावे, प्रहसन लिहिणाऱ्या मुलांनी नव्हे. जामीनदार म्हणून पहिली सही आमची. अनुमोदनासाठी एक नाव हवे आहे, इच्छुक सभासदांनी सभेपूर्वी सचिवांना कळवावे.