ऐकण्याचे पाच गुण

दहावीला आल्यापासून आम्ही सगळे कॅडेट हिशेबात पक्के झालो आहोत. सीबीएसईचा इंग्रजीचा पेपर 80 गुणांचा. त्यात उताऱ्यांना 20, व्याकरणाला 10, लेखनाला 10 आणि साहित्याला 40. उरलेले 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि त्यातले 5 ऐकण्या-बोलण्याचे. संध्याकाळी प्रेपला एक चक्कर मारून बघा. कोणी व्याकरणाचे गाइड उघडून बसलेला असतो, कोणी मागच्या वर्षांचे पेपर सोडवत असतो. ऐकण्याचा सराव करणारा कॅडेट मी तरी अजून पाहिलेला नाही. "ते पाच गुण तर मिळतातच," असे आम्ही एकमेकांना सांगतो आणि खरेच ते मिळतातही.

माझे मत असे आहे की हा हिशेब चुकीचा आहे. इतर कोणत्याही शाळेत तो चालून जाईल. जिथे प्रत्येक मुलगा पुढे वर्दी घालण्याचे स्वप्न बघतो, तिथे तो चालणार नाही.

आधी माझीच चूक सांगतो. गेल्या सत्रात एका दुपारी हाऊस कॅप्टनने मला ज्युनिअर मुलांना निरोप द्यायला पाठवले. फॉलिन सोळा वाजून पंधरा मिनिटांनी, म्हणजे इंग्रजीत 'सिक्स्टीन फिफ्टीन'. मी "येस सर" म्हणालो आणि पळालो. माझ्या कानांनी मात्र 'सिक्स्टीन फिफ्टी' ऐकले होते. सव्वाचारला मैदानावर उभी राहायला हवी होती ती बारा मुले चार पन्नासला पोहोचली. उस्तादांनी त्यांना फेऱ्या मारायला लावल्या. मीही त्यांच्याबरोबर धावलो. धावता धावता सहावीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, टाइम चुकीचा कोणी सांगितला?" मी सांगितले होते. त्याच आठवड्यात व्याकरणाच्या चाचणीत मला 10 पैकी 9 गुण होते.

ही चूक का झाली याचा मी नंतर विचार केला, इंग्रजीच्या सरांनाही विचारले. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक शेवटच्या 'न'मध्ये आहे असे आपण धरून चालतो. भरभर बोलताना तो 'न' विरून जातो. खरा फरक जोर देण्यात असतो. 'फिफ्टीन'मध्ये जोर सहसा 'टीन'वर येतो, 'फिफ्टी'मध्ये 'फिफ्'वर. मराठीत शब्दाच्या कोणत्या भागावर जोर दिला यावरून आकडा बदलत नाही. म्हणून आपले कान तिकडे लक्षच देत नाहीत. रिकाम्या जागा भरून ही सवय लागत नाही. त्यासाठी ऐकावेच लागते.

वायरलेसवर बोलणाऱ्यांना ही अडचण कधीच कळली होती. म्हणून तिथे आकडे सुटे सुटे सांगतात. पंधरा म्हणजे 'वन फाइफ'. पाचाला 'फाइफ' आणि नवाला 'नायनर' म्हणतात, कारण खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येऊ शकतात. समोरच्याने पुन्हा सांगावे असे वाटले तर 'से अगेन' म्हणायचे. तिथे 'रिपीट' म्हणायचे नाही, कारण तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे त्याच लक्ष्यावर पुन्हा मारा करा. वर्गात 'रिपीट' आणि 'से अगेन' हे समानार्थी शब्द म्हणून लिहिले तर गुण मिळतील. तोफेच्या पुढे आपलीच तुकडी असेल तर काय होईल ते सांगायला नको.

ऐकण्यातली चूक किती मोठी होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. सौदी अरेबियाचे बोइंग 747 दिल्लीहून निघून वर चढत होते. त्याला 14 हजार फुटांवर थांबायला सांगितले होते. कझाकस्तानचे इल्युशिन 76 दिल्लीकडे उतरत होते. त्याला 15 हजार फुटांवर राहायला सांगितले होते. समोरून विमान येत आहे, ही माहितीही नियंत्रकाने त्याला दिली होती. तरीही कझाक विमान 15 हजारांच्या खाली आले. दोन्ही विमानांतले 349 जण गेले. एकही वाचला नाही.

चौकशीत कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले, हे अपघाताचे कारण ठरले. असे का झाले, हे सांगताना वैमानिकांचे इंग्रजी पुरेसे नसणे आणि त्यामुळे नियंत्रकाच्या संदेशाचा चुकीचा अर्थ लावला जाणे, याचीही नोंद झाली. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटर करत होता आणि विमान वैमानिक चालवत होते. म्हणजे एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने वागायचे. मधला दुवा कच्चा होता. सगळा दोष भाषेचा होता असे मी म्हणत नाही. कॉकपिटमधली शिस्तही ढिली होती. पण त्या लोकांना विमान उडवता येत नव्हते, असेही कोणी म्हटले नाही.

पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकांसाठी आणि नियंत्रकांसाठी भाषेची कसोटी आणली. तिची माहिती वाचली तेव्हा हा लेख लिहावा असे मला वाटले. त्या कसोटीत सहा गोष्टी तपासतात: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. प्रत्येकीला 1 ते 6 अशी पातळी देतात. कामावर राहायला किमान 4 लागते. आणि एकूण पातळी काढताना सहांची सरासरी घेत नाहीत. सहांतली जी सर्वांत कमी, तीच तुमची पातळी. वाक्यरचनेत, म्हणजे व्याकरणात, 6 असतील आणि ऐकून समजण्यात 3 असतील, तर तुम्ही 3.

आपल्याकडे गुणांची बेरीज होते. व्याकरणात मिळवलेले गुण ऐकण्यातली उणीव झाकून टाकतात. आकाशात, जहाजावर किंवा सीमेवर ती झाकली जात नाही. माझ्या मते आपण सर्वांनी स्वतःला एकदा या दुसऱ्या पद्धतीने गुण देऊन बघावेत. मी दिले. मी 'आकलन'मध्ये अडकलो.

आता कोणी म्हणेल, आधी लेखी परीक्षा तर पास होऊ दे. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. एनडीएच्या लेखी परीक्षेत सामान्य क्षमता चाचणीच्या 600 गुणांपैकी 200 इंग्रजीचे असतात. प्रश्न पर्यायी असतात, ऐकण्याचा एकही नसतो आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापतात. तिथे व्याकरण पक्के नसेल तर दारातूनच परत यावे लागेल. व्याकरण सोडा असे मी मुळीच म्हणत नाही.

पण लेखी परीक्षा 900 गुणांची असते आणि एसएसबीही 900 गुणांचीच असते. एसएसबीत चार पर्याय समोर ठेवून कोणी विचारत नाही. गटचर्चेत आठ-दहा उमेदवार एकाच वेळी बोलत असतात. त्यात बिहारचा एक, मणिपूरचा एक, केरळचा एक. प्रत्येकाचे इंग्रजी वेगळे. जो दुसऱ्याचा मुद्दा ऐकतो त्यालाच त्यावर पुढचा मुद्दा मांडता येतो. जो ऐकत नाही तो आपले पाठ केलेले वाक्य मोठ्याने म्हणतो, आणि समोर बसलेल्या परीक्षकांना ते लगेच कळत असणार. लेक्चरेटमध्ये तीन मिनिटे तयारी आणि तीन मिनिटे भाषण. तिथे गाइड मदतीला येत नाही.

मग सराव कसा करायचा? मोठ्या योजनेची गरज नाही. मला सुचलेल्या चार गोष्टी अशा.

पहिली, निरोप घेतला की तो परत म्हणून दाखवायचा. वैमानिक नियंत्रकाची सूचना परत म्हणतो, त्याला 'रीडबॅक' म्हणतात. नुसते "येस सर" म्हणजे रीडबॅक नव्हे. मी त्या दिवशी "सिक्स्टीन फिफ्टी, सर" एवढे दोन शब्द परत म्हटले असते, तर हाऊस कॅप्टनने तिथेच चूक पकडली असती आणि बारा मुले धावली नसती. सीनिअर कॅडेट्सना माझी विनंती आहे की ज्युनिअरने निरोप परत म्हटला तर त्याला उलट उत्तर समजू नये.

दुसरी, आकाशवाणीचे रात्री नऊचे इंग्रजी बातमीपत्र. ते पंधरा मिनिटांचे असते. वही घेऊन फक्त आकडे आणि नावे टिपायची, मग शेजाऱ्याच्या वहीशी ताडून बघायची. रोज जमणार नाही हे मला ठाऊक आहे. हाऊसमध्ये आठवड्यातून दोनदा जमले तरी पुरे. पहिल्या दिवशी माझे निम्मे आकडे चुकले होते.

तिसरी गोष्ट वाचनाची. उतारा आला की आपण सरळ प्रश्नांवर उडी मारतो आणि प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतो. शब्द सापडला की ते वाक्य उत्तर म्हणून उतरवतो. पेपरात हे कधीकधी खपते. पण आदेश असा वाचता येत नाही. आदेशात 'पर्यंत', 'खेरीज', 'तोवर नाही' हे छोटे शब्दच महत्त्वाचे असतात. उतारा वाचून झाल्यावर तो झाकायचा आणि त्यात काय म्हटले आहे ते दोन वाक्यांत मित्राला सांगायचे. सांगता आले नाही तर वाचलेच नाही असे समजायचे.

चौथी, व्याकरणासाठी स्वतःच्या चुकांची वही. गाइडातली शंभर वाक्ये सोडवण्यापेक्षा आपल्या दहा चुका ओळखणे जास्त उपयोगाचे आहे, कारण मराठी मुलांच्या चुका बऱ्याचदा मराठीतूनच येतात. आपण 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' लिहून मोकळे होतो. तिथे 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स' हवे. 'त्याने विचारले की' मधला 'की' घेऊन आपण 'ही आस्क्ड दॅट व्हेअर' लिहितो. मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती आपल्याकडून सुटतात. तमिळ किंवा बंगाली मुलाची वही वेगळी असेल. त्या वह्या अदलाबदल करून वाचल्या तर मजाही येईल.

यावरून एक कबुली मराठी पानावरच द्यायला हवी. मेसमध्ये आम्ही मराठी मुले एका टेबलावर बसतो. मलयाळी मुले त्यांच्या टेबलावर, बिहारची त्यांच्या. घरापासून इतक्या लांब आपली भाषा कानावर पडली की बरे वाटते आणि त्यात गैर काही नाही. हे पानही त्यासाठीच आहे. पण देशभरचे इंग्रजी ऐकायला मिळावे म्हणून लोक पैसे देऊन क्लास लावत असतील, आणि ते आपल्याला जेवणाच्या टेबलावर फुकट मिळते आहे. आठवड्यातले दोन दिवस तरी टेबल बदलून बसू या. ज्याचे बोलणे समजायला आपल्याला सर्वांत अवघड जाते, त्याच्याच शेजारी.

शिक्षकांना आणि उस्तादांना एक विनंती. ऐकण्याच्या चाचणीत सगळ्यांना चार किंवा पाच मिळतात, कारण आम्ही शेजाऱ्याच्या कागदाकडे बघतो. हा आमचाच दोष आहे. एकदा आम्हाला खरे गुण द्या. दोन आले तरी चालतील. सहावीतल्या मुलाला ते दोन आजच कळले, तर बारावीपर्यंत त्याच्या हातात सहा वर्षे आहेत.

आणि पालकांना. आई दर रविवारी फोनवर विचारते, "इंग्रजीत किती मिळाले?" या महिन्यात मी तिला सांगितले की व्याकरणात 9 आहेत, पण ऐकण्यात मी स्वतःला 10 पैकी 4 देतो. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी सांगते तेही तुला निम्मेच ऐकू येते तर." तिचे म्हणणे मी तिला परत म्हणून दाखवले. सुट्टीत येताना गरम कपडे आण, दात दाखवून घे, आजीला फोन कर. तीन गोष्टी होत्या आणि मला तिन्ही बरोबर आल्या. निदान मराठीत तरी मी पास आहे. इंग्रजीत व्हायचे बाकी आहे.