फंड साडेसातपट वाढले, खुर्च्या किती वाढल्या?

बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालंय, शेअर बाजाराची गोडी लागलीय आणि आता ‘ॲसेट मॅनेजमेंट’मध्ये मास्टर्स करून फंड मॅनेजर व्हायचं, असं तुम्ही नालवाडीत बसून ठरवलं असेल, तर ते काही वेड्यासारखं नाही. मे २०१४ मध्ये देशातल्या म्युच्युअल फंडांकडे पहिल्यांदा १० लाख कोटी रुपये जमले. जुलै २०२५ मध्ये हाच आकडा ७५ लाख कोटींच्या पुढे गेला. ऑक्टोबर २०२४ पासून तर एसआयपीतून एकेका महिन्यात २५ हजार कोटींहून जास्त पैसा येऊ लागला. त्यात वर्ध्यासारख्या गावांतून गेलेले हजार-दोन हजारांचे हप्तेही आहेत. एवढा पैसा सांभाळायला माणसं लागणारच, असं कुणालाही वाटेल.

गडबड इथेच आहे. पैसा वाढला म्हणजे त्याच प्रमाणात नोकऱ्या वाढतात, असं या धंद्यात होत नाही. कापसाची आवक दुप्पट झाली की जिनिंगमध्ये जास्त हात लागतात. फंडात तसं नाही. समजा एका फंडात १,००० कोटी आहेत आणि फंड हाऊस वर्षाला एक टक्का खर्च आकारतं, म्हणजे १० कोटी. उद्या तोच फंड २,००० कोटींचा झाला, तरी शेअर निवडणारी माणसं जवळपास तेवढीच राहतात. वर त्या ७५ लाख कोटींत बाजार चढल्यामुळे फुगलेला भागही मोठा आहे. देशात फंड हाऊस आहेत पन्नासच्या आसपास. त्यामुळे फंड मॅनेजरच्या खुर्च्या मोजक्याच, आणि त्यावर बसणारा सहसा दहा-पंधरा वर्षं विश्लेषक म्हणून घासून आलेला असतो.

त्यात इंडेक्स फंड आणि ईटीएफ आले. निफ्टीत जे शेअर आहेत तेच त्याच प्रमाणात घ्यायचे, निवडानिवड करायचीच नाही. भविष्य निर्वाह निधी संघटनाही २०१५ पासून शेअर बाजारात पैसे लावते ते ईटीएफमार्फतच. म्हणजे पैशाचा एक मोठा ओघ असा आहे, ज्याला हुशार विश्लेषकाची गरजच नाही.

मग मास्टर्स करून काम मिळतं कुठे? जोखीम मोजणं, नियमपालन, हिशेब आणि व्यवहारांची जुळणी, बँकांचे वेल्थ विभाग आणि सर्वांत जास्त म्हणजे विक्री. ही कामं वाईट नाहीत. पण माहितीपत्रकावर फोटो असतो तो सहा स्क्रीन मांडून बसलेल्या माणसाचा, आणि पहिली नोकरी मिळते टार्गेट घेऊन फिरण्याची. प्रवेश घेण्याआधी संस्थेला सरळ विचारा, गेल्या वर्षी किती जण संशोधनात गेले आणि किती विक्रीत? सरासरी पगार नको, हे दोन आकडे द्या म्हणावं.

आता फीचं बघू. १० लाखांचं शैक्षणिक कर्ज, साडेदहा टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता बसतो महिन्याला सुमारे १७ हजार. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळंच. मुंबई-पुण्यात खोली, मेस आणि लोकल धरून पहिल्या पगारातून काय उरेल, हे घरी बाबांसमोर कागदावर मांडा. विशेषतः घराचे किंवा शेताचे कागद बँकेत ठेवायची वेळ येणार असेल, तर नक्कीच.

सगळ्याच वाटा एवढ्या महाग नाहीत. जमनालाल बजाज यांच्या नावाची संस्था १९६५ पासून मुंबई विद्यापीठात आहे आणि तिथे एम.एस्सी. फायनान्स आहे. सेबीने स्थापन केलेली एनआयएसएम रायगडात पाताळगंगेला आहे, तिथे रोखे बाजारावरचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. सीएफएच्या तीन पातळ्या नोकरी करता करता देता येतात, फी मात्र डॉलरमध्ये. या कुठल्याही वाटेवर संख्याशास्त्र आणि बॉन्डचं गणित चुकत नाही. ते आवडत नसेल तर आत्ताच थांबलेलं बरं.

आणखी एक गोष्ट कमी लोकांच्या कानावर आलीय. लोकांना फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर पूर्वी सेबीकडे नोंदणीसाठी पदव्युत्तर पात्रता आणि अनुभव लागायचा. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने ही अट पदवीवर आणली आणि अनुभवाची अट काढली. एनआयएसएमच्या परीक्षा मात्र द्याव्याच लागतात. थोडक्यात, सल्लागार होण्यासाठी मास्टर्सची सक्ती उरलेली नाही.

वितरक व्हायचं तर त्याहून सोपं. एनआयएसएमची व्ही-ए परीक्षा, १०० गुण, ५० ला पास. मग ॲम्फीचा नोंदणी क्रमांक. पण इथलाही हिशेब बघा. १०० कुटुंबांनी महिन्याला पाच-पाच हजारांची एसआयपी केली, तर वर्षात ६० लाख जमतात. पाऊण टक्का कमिशन धरलं, तर त्यावर वर्षाचे ४५ हजार. महिन्याला चार हजारसुद्धा नाहीत. ती शंभर कुटुंबं पाच वर्षं टिकली, तर परतावा सोडूनही तीन कोटी होतात आणि कमिशन महिन्याला १९ हजारांच्या घरात जातं. मधली वर्षं कशी काढायची, हा खरा प्रश्न. म्हणून दुसरं काम हाताशी ठेवूनच यात उतरा.

गंमत म्हणजे नालवाडी हे विनोबांनी सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला ते गाव. शेजारच्या वर्ध्यातले जमनालालजी तर गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेचं उदाहरण मानले जातात, आणि त्याच बजाज घराण्याच्या उद्योगाने २०२३ मध्ये स्वतःचा म्युच्युअल फंड सुरू केला. म्युच्युअल फंडही कायद्याने ट्रस्टच असतो. पैसा गुंतवणूकदाराचा, फंड हाऊस फक्त सांभाळणारं. आपल्या गावातला गुंतवणूकदार मात्र मुदत ठेव मोडून कुणाच्या तरी सांगण्यावरून गेल्या वर्षी सगळ्यात वर असलेला फंड घेतो, आणि बाजार पडला की घाबरून काढतो. त्याला मराठीत, समोर बसून समजावणारं माणूस हवंय. त्यासाठी दोन वर्षांची महागडी पदवी लागते का, हे अर्ज भरण्याआधी तपासा. व्ही-ए परीक्षेची फी दीड हजार रुपये आणि वर कर. अभ्यास करून ती एकदा देऊन बघा. त्या पुस्तकातच कंटाळा आला, तर दहा लाख वाचतील.