दृष्टिलेखन आणि देवनागरी वर्णमाला

डिसेंबर १९९५ मध्ये मेंदूतील आघाताने जखडलेल्या झाँ-दोमिनिक बोबी या फ्रेंच संपादकाने केवळ डाव्या डोळ्याच्या उघडझापीने एक संपूर्ण पुस्तक लिहवून घेतले. ते १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखनिका अक्षरे म्हणत जाई आणि हवे ते अक्षर येताच तो पापणी मिटवी. अक्षरांचा क्रम फ्रेंचमधील त्यांच्या वारंवारतेनुसार लावलेला होता. त्याचे श्रम हलके केले ते भाषेच्या ज्ञानाने, हे अभ्यासकांनी ध्यानात घ्यावयास हवे.

आज ते काम कॅमेरा करू शकतो. डोळ्यावर पडलेले अवरक्त प्रकाशाचे प्रतिबिंब आणि बाहुलीचा मध्य यांच्या परस्परस्थितीवरून संगणक नजरेची दिशा काढतो. चांगल्या उपकरणातही सुमारे अर्ध्या ते एक अंशाची चूक राहते. साठ सेंटिमीटरवरील पडद्यावर एक अंश म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर. साध्या कॅमेऱ्यात ही चूक बरीच वाढते. शिवाय पाहणारा डोळाच निवडही करतो. या पेचाला रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्ये मिडास राजाच्या स्पर्शाची उपमा दिली. म्हणून प्रत्येक निवडीसाठी नजर क्षणभर रोखून धरावी लागते, आणि डोळा थकतो.

‘स्त्री’ हे वाचकाला एकच अक्षर. संगणकाच्या संकेतप्रणालीत मात्र त्याचे सहा घटक होतात. रोमन कळफलकाच्या दाट चौकटीत देवनागरी कोंबल्यास हा भार रुग्णाच्या डोळ्यावर पडतो. वास्तविक उत्तर आपल्या वर्णमालेतच आहे. क पासून म पर्यंतचे पंचवीस वर्ण उच्चारानुसार पाच वर्गांत विभागलेले आहेत. पडद्यावर मोजकी मोठी घरे ठेवून आधी वर्ग आणि मग वर्ण निवडता येईल. नजरेतील चूक अशा घरांत सहज सामावते.

यात प्रत्येक वर्णास दोन निवडी लागतील, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे निराकरण अनुमानाने करावे लागेल: कोणती जोडाक्षरे वारंवार येतात, ‘घर’ नंतर ‘घराच्या’, ‘घरापासून’ यांपैकी काय संभवते, हे यंत्राला आधीच ठाऊक हवे. हे ज्ञान अभियंत्याने एकट्याने मिळवावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होय. भारतीय भाषांच्या विभागांनी वारंवारतेच्या आणि प्रत्ययांच्या अभ्यासाकडे या दृष्टीने पाहिले नाही, तर वाचा आणि हात दोन्ही गमावलेल्या मराठी माणसाला आपली शेवटची पत्रे परक्या लिपीत किंवा परक्या भाषेत लिहावी लागतील.