गाडी विजेची, पण वीज कशाची?

जयपूरच्या आदर्श नगरात एखादे कुटुंब आज नवी मोटार घ्यावयास निघाले, की पेट्रोलबरोबर विजेच्या गाडीचाही विचार होतो. २००१ साली बंगळूरुत आलेली ‘रेवा’ एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर धावे. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या टाटांच्या ‘नेक्सॉन ईव्ही’ने २०२० मध्ये प्रमाणित चाचणीत ३१२ किलोमीटरचा पल्ला गाठला. प्रत्यक्ष रस्त्यावर तो घटतो. तरीही प्रगती निर्विवाद आहे.

मात्र तुलना येथेच थांबवणे योग्य नव्हे. गाडीतून धूर निघत नाही, म्हणून तो कोठेच निघत नाही असे नाही. देशातील बहुतांश वीज अजूनही कोळशापासून निर्माण होते. राजस्थानातच भडला येथे २,२४५ मेगावॉटचे सौर उद्यान आहे. परंतु सूर्यास्तानंतर घरी परतलेल्या गाडीच्या वाट्याला प्रामुख्याने कोळशाचीच वीज येते.

म्हणून गाडीइतकाच गच्चीचाही विचार व्हावा. जयपूरच्या उन्हात तीन किलोवॉटचा सौरसंच दिवसाला साधारण १२ युनिट देतो; शहरातील रोजच्या फेऱ्यांना तेवढे पुरते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने अशा घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. दिवसभर कार्यालयाबाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी तेथेच चार्जिंगची सोय झाली, तर ऊन वाया जाणार नाही.

वाहनकर्ज मागताना ग्राहकाने आणि ते देताना बँकेनेही गाडीच्या किमतीबरोबर तिच्या विजेचा उगमही विचारात घ्यावा. स्वच्छ गाडीचे श्रेय अखेर स्वच्छ विजेलाच आहे.